उठावदार पाकळ्यांचा ग्रॅनी चौकोन : फूल वर उठावे, चौकोन सपाट राहावा

क्रोशाच्या चौकोनात फूल विणणे अवघड नाही. अवघड असते ते फुलाच्या पाकळ्या वर उठलेल्या ठेवून त्याखालचा चौकोन ताटासारखा सपाट बसवणे. पाकळीला उठाव द्यायचा म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ टाके कोंबावे लागतात, आणि टाके कोंबले की चौकोनाच्या कडा झालरीसारख्या लहरू लागतात. लहर जावी म्हणून टाके कमी करावेत, तर तोच चौकोन वाटीसारखा आत वळतो. या ओढाताणीतून सुटायचे असेल तर फुलाचा भार चौकोनावर पडू देऊ नये. पाकळ्या पुढच्या बाजूने मोकळ्या सोडाव्यात आणि चौकोन त्यांच्या पाठीमागून घातलेल्या साखळ्यांच्या कमानींवर उभा करावा. खाली दिलेला सात फेऱ्यांचा चौकोन याच रीतीवर बेतलेला आहे. ज्यांना साखळी आणि खांब घालता येतो, त्यांना तो दोन-तीन बैठकांत जमावा.

टाक्यांची नावे

आपल्याकडे क्रोशे घरातल्या बायकांकडून शिकले जाते आणि नमुने मात्र इंग्रजी पुस्तकांतून किंवा व्हिडिओंमधून घेतले जातात, त्यामुळे नावांचा घोळ ठरलेला असतो. मी या लेखात ‘मुका खांब’ म्हणते तो सर्वांत बुटका टाका : सुई घालून धागा ओढायचा आणि सुईवरच्या दोन फासांतून एकदम बाहेर काढायचा. याला अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. ‘खांब’ म्हणजे आधी सुईवर एक वेढा घेऊन, मग दोन-दोन फास दोनदा सोडवून केलेला टाका. तो अमेरिकेत डबल आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. सुईवर वेढा घेऊन तिन्ही फास एकदम सोडवले की ‘अर्धा खांब’ होतो, आणि दोन वेढे घेऊन दोन-दोन फास तीनदा सोडवले की ‘दुहेरी खांब’. ‘डबल’ हा एकच शब्द दोन देशांत दोन वेगळ्या उंचीच्या टाक्यांना लावलेला असल्यामुळे, कोणताही परदेशी नमुना हाती घेण्याआधी तो कुठल्या पद्धतीचा आहे हे पाहून घ्यावे. त्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आढळले तर तो अमेरिकन आहे असे समजायला हरकत नाही.

धागा आणि सुई

नागपुरात लोकरीचा स्वेटर अंगावर राहतो तो जेमतेम दोन-अडीच महिने. उशीचा अभ्रा, टेबलावरचा रुमाल किंवा बंगईवरची (झोपाळ्यावरची) गादी यांसाठी चौकोन विणायचे असतील तर ते बाराही महिने समोर राहणार, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ॲक्रिलिकला पाठ टेकवून पाहिल्याशिवाय सुती धाग्याची किंमत कळत नाही. म्हणून मी चार पदरी सुती धागा सुचवते. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ज्याच्या आजूबाजूचा सगळा मुलूख कापसाचा आहे, तिथे असा धागा शोधत हिंडावे लागू नये. पण इथल्या बर्डीच्या बाजारात काय किंवा महाल भागात काय, लोकरीच्या दुकानात तो ॲक्रिलिकच्या मागच्या फळीवर असतो आणि नाव घेऊन मागितल्याशिवाय पुढे येत नाही. थंडीची शाल किंवा बाळाचे पांघरूण करायचे असेल तर मात्र चार पदरी ॲक्रिलिकच घ्यावे. ते हलके असते आणि त्याचे पॉपकॉर्न, म्हणजे एकत्र आवळलेल्या खांबांचे फुगीर गोळे, जास्त फुगतात.

सुई साडेतीन मिलिमीटरची घ्यावी. हात घट्ट असेल तर चारची चालेल. जुन्या घरांत पोलादी सुयांचा जो डबा सापडतो, त्यातल्या सुयांवर अनेकदा फक्त क्रमांक असतो आणि तो क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. लेस विणायच्या त्या सुया या कामाला उपयोगाच्या नाहीत. उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटांना धागा चिकटतो, प्रत्येक टाका नकळत आवळला जातो आणि त्याच नमुन्याचा चौकोन अर्ध्या सेंटीमीटरने आखूड भरतो. माझे उन्हाळी विणकाम म्हणूनच सकाळी नऊच्या आत आटोपते.

रंग चार लागतात, पण त्यांतले दोन अगदी थोडे. माझ्या चौकोनात मधली चकती पिवळी, पॉपकॉर्न नारिंगी, पाकळ्या मोतिया, पाकळ्यांमागच्या दोन फेऱ्या हिरव्या आणि शेवटच्या दोन फेऱ्या पुन्हा मोतिया आहेत. गडद रंग फिक्याशेजारी येणार असेल तर धागा आधी तपासावा. सुट्या विकत घेतलेल्या एका लाल सुती लडीने माझे नऊ मोतिया चौकोन पहिल्याच धुण्यात गुलाबी केले, आणि दुकानदाराने तो दोष पाण्यावर ढकलला. तेव्हापासून प्रत्येक गडद धाग्याचा वीतभर तुकडा मी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवते. फडक्यावर डाग उमटला तर तो धागा वेगळ्या कामाला जातो. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा, क्रमांकही असतो. मुख्य रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे असावेत, कारण दोन लॉटमधला जो फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही तो गच्चीवरच्या उन्हात लगेच दिसतो.

आठच पाकळ्या का

मला खरे तर संत्र्याचे फूल विणायचे होते. काटोल-नरखेडकडच्या बागांत जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा त्या पांढऱ्या फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो, आणि नागपूरकराने चौकोनात दुसरे कोणते फूल घालावे असा माझा हट्ट होता. पण संत्र्याच्या फुलाला साधारणपणे पाच पाकळ्या असतात आणि पाच या संख्येचे चार कोपऱ्यांशी जमत नाही. पाच पाकळ्यांमागे आठ कमानी बसवण्याची कसरत मी करून पाहिली. एक कोपरा पाकळीच्या बरोबर मागे, दुसरा दोन पाकळ्यांच्या फटीत, आणि सगळे फूल मान वाकडी केल्यासारखे दिसू लागले. आठ पाकळ्या घेतल्या की चार पाकळ्या कोपऱ्यांकडे आणि चार बाजूंच्या मध्याकडे रोख करून बसतात. संत्रे माझ्या चौकोनात आता फक्त पॉपकॉर्नच्या रंगापुरते उरले आहे.

पहिली आणि दुसरी फेरी : चकती आणि पॉपकॉर्न

पिवळ्या धाग्याने मॅजिक रिंग करावी, म्हणजे बोटाभोवती धाग्याचा सैल वेढा घेऊन त्यातच टाके घालावेत आणि मग शेपूट ओढून भोक बंद करावे. ती जमत नसेल तर चार साखळ्यांचे कडे करावे. मध्ये बारीक छिद्र राहील एवढेच. एक साखळी घालून कड्यात आठ मुके खांब घालावेत, पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिचने (सुई घालून ओढलेला धागा सुईवरच्या फासातूनही लगेच बाहेर काढायचा, असा जोडणीचा टाका) जोडावे, धागा कापून ओढून घ्यावा. टाके इथेच मोजावेत. माझी मोठी आई शिकवताना म्हणायची, “पोरी, उसवायचं असेल तर आठावरच उसव, अठ्ठेचाळीसवर रडू येतं.”

आता नारिंगी धागा कोणत्याही मुक्या खांबात जोडावा. पॉपकॉर्नची रीत अशी : एकाच टाक्यात चार पूर्ण खांब घालावेत. मग सुई फासातून काढून घ्यावी आणि तो फास थोडा ओढून मोकळा सोडावा. सुई चारांपैकी पहिल्या खांबाच्या डोक्यात समोरून मागे घालावी, सोडलेला फास पकडून त्यातून पुढे ओढावा आणि वर एक साखळी घट्ट घालावी. चार खांब एकत्र आवळले जाऊन त्यांचे पोट पुढे येते. सुई मागून पुढे घातली तर हेच पोट मागच्या बाजूला जाते. फेरीतले सात पॉपकॉर्न पुढे आणि एक मागे असा चौकोन मी एकदा अगदी शेवटापर्यंत विणला होता, आणि तो एक कुठे बिघडला हे शोधायला बराच वेळ गेला.

पहिल्या पॉपकॉर्नमध्ये पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या घालून पुढे तीन खांब घालावेत आणि बंद करताना सुई तिसऱ्या साखळीत घालावी. प्रत्येक पॉपकॉर्न बंद करणाऱ्या साखळीनंतर आणखी तीन साखळ्या घालून पुढच्या मुक्या खांबात पुढचा पॉपकॉर्न करावा. फेरीअखेर आठ पॉपकॉर्न आणि त्यांच्यामध्ये तीन साखळ्यांच्या आठ कमानी दिसल्या पाहिजेत. पहिल्या पॉपकॉर्नच्या डोक्यावर स्लिप स्टिचने जोडून धागा कापावा.

पॉपकॉर्नऐवजी बॉबल किंवा पफ चालेल का, असे मला नेहमी विचारले जाते. बॉबलमध्ये खांब अर्धवट ठेवून शेवटी सगळे एकदम बंद करतात. त्याला धागा कमी लागतो, पण त्याचे पोट विणणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाते. उलटसुलट ओळींत विणताना ही सोय असते, कारण उलट्या ओळीत घातलेला बॉबल सुलट बाजूला उठतो. आपण मात्र फेऱ्यांत विणतो आहोत आणि सुलट बाजू सतत समोर आहे, तेव्हा प्रत्येक बॉबल बोटाने पुढे ढकलावा लागेल आणि पहिल्या धुण्यात तो परत मागे जाईल. पफ म्हणजे लांब ओढलेल्या फासांचा जुडगा. तो मऊ दिसतो, उशीच्या अभ्ऱ्यावर मात्र त्याचे फास बांगडीत अडकतात. पॉपकॉर्नला धागा सर्वांत जास्त लागतो हे खरे, पण तो वर्षानुवर्षे उभा राहतो.

तिसरी फेरी : पाकळ्या

मोतिया धागा कोणत्याही तीन साखळ्यांच्या कमानीत जोडावा. प्रत्येक कमानीत अनुक्रमे एक मुका खांब, एक अर्धा खांब, दोन खांब, एक अर्धा खांब आणि एक मुका खांब असे सहा टाके घालावेत. बुटक्यापासून उंचाकडे आणि पुन्हा बुटक्याकडे जाणाऱ्या या चढउतारामुळेच पाकळीला गोलाई येते. एका पाकळीवरून दुसरीकडे जाताना मध्ये साखळी घालू नये आणि पॉपकॉर्नच्या डोक्यावर टाकाही घालू नये. ते डोके पुढच्या फेरीसाठी राखून ठेवायचे आहे. आठ पाकळ्या, अठ्ठेचाळीस टाके झाले की स्लिप स्टिचने जोडून धागा कापावा.

या टप्प्यावर फूल हातात घेतले तर पाकळ्या थोड्या एकमेकींवर चढलेल्या आणि कुरळ्या दिसतील. त्यांना ओढून सरळ करण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यांना जागा कमी आहे म्हणूनच त्या वर उठल्या आहेत.

चौथी फेरी : मागच्या कमानी

सगळा चौकोन या फेरीवर उभा राहतो, म्हणून ती सावकाश करावी. फूल सुलट बाजूने धरून पाकळ्या अंगठ्याने आपल्याकडे दुमडाव्यात, म्हणजे दोन पाकळ्यांच्या मधोमध, थोडे मागे, पॉपकॉर्न बंद करणारी साखळी दिसेल. तिच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घालून हिरवा धागा जोडावा आणि तिथेच एक मुका खांब घालावा. मग चार साखळ्या घालाव्यात, त्या पाकळीच्या पाठीमागून न्याव्यात आणि पुढच्या पॉपकॉर्नच्या डोक्यावर पुन्हा मुका खांब घालावा. असे करत फेरी पुरी करावी : आठ मुके खांब, चार-चार साखळ्यांच्या आठ कमानी. शेवटी पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच घालावी. धागा कापू नये.

सुलट बाजूने पाहिले तर हिरवे जवळजवळ दिसत नाही आणि पाकळ्या कशालाही बांधलेल्या नाहीत. उलटून पाहिले तर आठ कमानींचे एक साधे चाक दिसते, ज्याला पुढच्या पाकळ्यांच्या गर्दीशी काही देणेघेणे नाही. आयरिश क्रोशातला प्रसिद्ध गुलाब याच रीतीने विणतात : पाकळ्यांची एक फेरी, तिच्यामागे कमानी, त्या कमानींत मोठ्या पाकळ्यांची दुसरी फेरी, पुन्हा मागे कमानी. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी अशा लेसवर घरे चालवली. आपण ती युक्ती पाकळ्यांचे थर वाढवण्याऐवजी चौकोनाला पाया देण्यासाठी वापरतो आहोत. ज्यांना झेंडूसारखे भरगच्च फूल हवे आहे त्यांनी हिरव्याऐवजी नारिंगी कमानी घालून त्यांत एक अर्धा, चार पूर्ण, एक अर्धा खांब अशा मोठ्या पाकळ्यांचा थर घालावा आणि त्यामागे पाच साखळ्यांच्या हिरव्या कमानी कराव्यात. चौकोन त्याने थोडा मोठा होईल, म्हणून दोन्ही प्रकार एकाच अभ्ऱ्यात मिसळू नयेत.

कमान नेमकी किती सैल असावी, हे आकड्याने पूर्ण सांगता येत नाही. चार साखळ्या घातल्यावर फूल टेबलावर ठेवून पाहावे. कमानी पाकळीच्या मागे हलकासा बाक घेऊन पडल्या असतील तर बरोबर आहे. त्या ताठ ताणल्या गेल्या असतील आणि फूल मध्ये उचलले जात असेल, तर हात घट्ट आहे; सुई तीच ठेवून कमानीत पाच साखळ्या घालाव्यात. याउलट कमानी लोंबत असतील तर तीन पुरतात. इथे घालवलेली पाच मिनिटे पुढे चौकोन दाबून-ओढून सरळ करण्याचा तासभर वाचवतात.

पाचवी फेरी : वर्तुळाचा चौकोन

त्याच हिरव्या धाग्याने स्लिप स्टिच घालत पहिल्या कमानीत यावे. तीन साखळ्या घालाव्यात, त्या एक खांब म्हणून धराव्यात, आणि त्याच कमानीत आणखी चार खांब घालावेत. ही झाली एक बाजू. पुढच्या कमानीत तीन दुहेरी खांब, दोन साखळ्या, तीन दुहेरी खांब घालावेत. हा झाला कोपरा. त्यानंतरच्या कमानीत पाच खांब, मग पुन्हा कोपरा, असे आलटून-पालटून आठही कमानी भराव्यात आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत जोडून धागा कापावा.

कोपऱ्यात दुहेरी खांब घेण्याचे कारण सरळ आहे. चौकोनाचा कोपरा मध्यापासून बाजूच्या मध्यापेक्षा सुमारे १.४ पट दूर असतो. सगळीकडे एकाच उंचीचे खांब घातले तर कोपऱ्यांना तेवढी मजल गाठता येत नाही आणि चौकोन कडा फुगलेल्या उशीसारखा दिसतो. फेरी संपल्यावर एका कोपऱ्याच्या साखळ्यांपासून दुसऱ्या कोपऱ्याच्या साखळ्यांपर्यंत अकरा टाके मोजले पाहिजेत : तीन दुहेरी, पाच साधे, तीन दुहेरी. चौथ्या फेरीतल्या मुक्या खांबांवर काहीही घालायचे नाही. ते दोन गटांच्या फटीत आपोआप दडतात.

शेवटच्या दोन फेऱ्या

सहाव्या फेरीसाठी मोतिया धागा पाच खांबांच्या एखाद्या गटातल्या पहिल्या खांबावर जोडावा, पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या घालाव्यात आणि मग प्रत्येक टाक्यावर एक खांब आणि प्रत्येक कोपऱ्यातल्या कमानीत दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब घालत जावे. प्रत्येक बाजूला पंधरा टाके होतील. इथे थोडा आणखी उठाव हवा असेल तर बाजूच्या पाच खांबांपैकी पहिला, तिसरा आणि पाचवा हे उठावाचे खांब करावेत, म्हणजे सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या खांबाच्या दांड्याभोवती समोरून मागे आणि मागून पुन्हा समोर काढून खांब घालावा. दांडे पाकळीखालच्या देठांसारखे उभे राहतात आणि टाक्यांची संख्या बदलत नाही. मला स्वतःला हा प्रकार फक्त कडेच्या चौकोनांत आवडतो. सगळीकडे केला तर नजर फुलावर ठरत नाही.

सातव्या फेरीत प्रत्येक टाक्यावर एक मुका खांब आणि कोपऱ्यात एक मुका खांब, दोन साखळ्या, एक मुका खांब घालावा. बाजूला सतरा टाके. चौकोन माझ्या हाताने साडेनऊ सेंटीमीटर भरतो आणि त्याचे वजन अकरा ग्रॅमच्या आसपास येते. आपला पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावा आणि त्यावरून धाग्याचा हिशेब करावा; दुकानातल्या अंदाजापेक्षा तो खरा निघतो.

काय बिघडते आणि का

चौकोन वाटीसारखा वळत असेल तर दोष बहुधा चौथ्या फेरीत असतो, सहाव्यात नाही. कमानी आवळलेल्या असताना बाहेरच्या फेऱ्यांत टाके वाढवून तो झाकता येत नाही, उसवावेच लागते. कडा लहरत असतील तर कोपऱ्यात जास्तीचे टाके पडले आहेत किंवा सहाव्या फेरीत कोपऱ्यालगतचा टाका दोनदा विणला गेला आहे. सतराच्या जागी अठरा मोजले की नेमके कळते. एखादी बाजू आखूड निघते ती सुरुवातीच्या तीन साखळ्या टाका म्हणून मोजायला विसरल्याने. पाकळ्या पुढे कोलमडून फूल मिटल्यासारखे दिसत असेल, तर पाकळीतले पहिले व शेवटचे मुके खांब फार घट्ट आहेत. आणि दोघीजणी मिळून एकच अभ्रा विणणार असतील, तर एकीने सगळी फुले आणि दुसरीने सगळ्या बाहेरच्या फेऱ्या विणाव्यात. अर्धे-अर्धे चौकोन वाटून घेतले की दोन हातांचे दोन आकार होतात आणि जोडताना भांडण होते. आमच्या घरात ते झालेले आहे.

धाग्यांची टोके प्रत्येक फेरीनंतर लगेच बोथट सुईने त्याच रंगाच्या टाक्यांतून ओवावीत : थोडे एका दिशेला, मग परत उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला. एका चौकोनात दहा टोके असतात. सोळा चौकोनांची शेवटी एकदम ओवायची ठेवली तर एकशे साठ टोकांचा तो ढीग पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच राहतो.

बसवणे आणि जोडणे

जोडण्याआधी सगळे चौकोन एका मापाला आणावे लागतात. जाड थर्मोकोलवर साडेनऊ सेंटीमीटरचा चौकोन आखून विणलेला चौकोन त्यावर गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी लावावा. आधी चार कोपरे टाचावेत, मग बाजूंचे मध्य. पाण्याचा हलका फवारा मारावा, पाकळ्या बोटांनी वर उचलून आकार द्यावा आणि तसेच वाळू द्यावे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सावलीतही हे काम पटकन होते. उन्हात ठेवायची गरज नाही, त्याने रंग उडतो. कूलरसमोर मात्र ठेवू नये. कूलरची हवा गार असली तरी ती पाणी घेऊन येते, आणि रात्रभर तिच्यासमोर ठेवलेले माझे चौकोन सकाळी होते तितकेच ओले होते. पावसाळ्यात दिवसभर पंख्याखाली ठेवावे. सुती चौकोनाला उलट बाजूने, टर्किश टॉवेलवर ठेवून हलकी इस्त्री चालते, पण फुलावर दाब देऊ नये. ॲक्रिलिकला इस्त्री लावूच नये. धागा एकदा वितळून चपटा झाला की त्याचा उठाव परत येत नाही.

जोडण्याच्या पुष्कळ रीती आहेत. उठावदार फुलांसाठी मी सर्वांत सपाट रीत वापरते : दोन चौकोन सुलट बाजू वर करून शेजारी ठेवावेत आणि मोतिया धाग्याने, बोथट सुईने, दोन्ही कडांच्या फक्त बाहेरच्या धाग्यांतून तिरपे टाके घालत जावे. कोपऱ्यातल्या एका साखळीपासून सुरू करून सतरा टाके आणि पलीकडच्या कोपऱ्याची एक साखळी, अशी एकोणीस ठिकाणे दोन्ही बाजूंना सारखी जुळली पाहिजेत. सोळा इंची उशीला चार गुणिले चार असे सोळा चौकोन लागतात. आधी आडव्या तीन लांब शिवणी पूर्ण कराव्यात, मग उभ्या तीन. विणलेला भाग अडतीस-एकोणचाळीस सेंटीमीटर भरतो, म्हणजे उशीपेक्षा किंचित लहान, आणि तो तसाच हवा, कारण क्रोशे वापराने सैल पडते. मागची बाजू दोसुती कापडाची शिवली तर अभ्रा टिकतो आणि धागाही निम्मा लागतो.

सोळा चौकोनांचा धीर नसेल तर दोन पुरे आहेत. तान्ह्या पोळ्याला पोरे जो लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर नेतात, त्याच्या पाठीवर घालायला दोन चौकोन एका बाजूने जोडले की झूल तयार होते : शिवण पाठीच्या कण्यावर येते आणि दोन्ही अंगांना एकेक फूल राहते. खालच्या कडेला प्रत्येक तिसऱ्या टाक्यात दुहेरी धाग्याची बोटभर गोंड्याची गाठ मारावी आणि पोटाखालून बांधायला चारही खालच्या कोपऱ्यांतून तीस-तीस साखळ्यांचे बंद काढावेत. नंदी वीतभराहून उंच असेल तर शिवणीच्या जागी मुक्या खांबांच्या सहा-सात ओळींची पट्टी घालावी, नाहीतर फुले पोटाऐवजी पाठीवरच चढून बसतात.